जमिनीखालचे शिसे : फ्लिंट शहराने आपले नळ कसे तपासले

१/ मराठीत रुळलेला ‘प्लंबर’ हा शब्द ‘प्लुंबुम’ या लॅटिन शब्दापासून आला. ‘प्लुंबुम’ म्हणजे शिसे. रोममध्ये पाण्याचे नळ शिशाचे असत. मातीच्या नळातून आलेले पाणी अधिक आरोग्यकारक असते, असे रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने तेव्हाच लिहून ठेवले होते. तरीही त्यानंतर दोन हजार वर्षांनी एका अमेरिकन शहरावर स्वतःलाच विचारण्याची वेळ आली : आपल्या घरांत येणारे नळ नेमके कशाचे आहेत?

२/ हे शहर म्हणजे मिशिगन राज्यातील फ्लिंट. १९०८ साली जनरल मोटर्स कंपनीची स्थापना येथेच झाली. १९६० च्या सुमारास शहराची लोकसंख्या दोन लाखांच्या घरात होती. पुढे कारखाने बंद पडत गेले, माणसे शहर सोडून गेली आणि २०१४ पर्यंत हा आकडा निम्म्यावर आला. तिजोरी रिकामी झाल्यामुळे २०११ पासून शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकांच्या हाती गेला. लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी नावापुरते उरले.

३/ फ्लिंटच्या जमिनीखाली शिसे अपघाताने आलेले नव्हते. मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंतची जोडणी शिशाच्याच नळाने करावी, असा शहराचा १८९७ सालचा नियम होता. शिसे मऊ असते, सहज वाकते आणि दीर्घकाळ टिकते, म्हणून त्या काळी ते उत्तम मानले जाई. नव्या जोडण्यांत शिशाचे नळ वापरण्यास अमेरिकेने १९८६ साली बंदी घातली. आधीच पुरलेले नळ मात्र जागच्या जागी राहिले.

४/ पुरलेला प्रत्येक शिशाचा नळ लगेच विष सोडतो असे नाही. पाण्यात ऑर्थोफॉस्फेट मिसळले तर नळाच्या आतल्या बाजूस एक पातळ थर धरतो आणि धातू व पाणी यांचा थेट संपर्क टळतो. डेट्रॉइटहून फ्लिंटला येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी असेच प्रक्रिया केलेले होते. २५ एप्रिल २०१४ रोजी खर्च वाचवण्यासाठी शहराने तो पुरवठा बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घेतले. हे पाणी अधिक क्षरणकारी होते आणि त्यात ऑर्थोफॉस्फेट घातलेच गेले नाही. नळांतला जुना थर सुटू लागला.

५/ पाण्याला रंग आणि वास येऊ लागला, लोकांच्या अंगावर पुरळ उठू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी वापरणे थांबवले, कारण त्याने यंत्रांचे सुटे भाग गंजत होते. जे पाणी लोखंडाला सोसेना, ते पिण्यास योग्य असल्याचे नागरिकांना त्यानंतरही वर्षभर सांगितले जात होते.

६/ मग तपासणी होत नव्हती का? होत होती. १९९१ च्या संघीय नियमानुसार निवडक घरांतून नमुने घेतले जात. पाणी किमान सहा तास नळात साचू द्यायचे आणि तोटी उघडताच पहिले एक लिटर भरून घ्यायचे. सर्व नमुने चढत्या क्रमाने मांडल्यावर नव्वदाव्या शततमकावरचा आकडा लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमहून अधिक निघाला, तर शहराला कारवाई करणे भाग पडे.

७/ नियम चोख होता, त्यातल्या पळवाटाही तितक्याच चोख होत्या. नमुन्याच्या आदल्या रात्री तोटी काही मिनिटे सोडून ठेवण्याची सूचना नागरिकांना दिली जाई. त्यामुळे नळातले सुटे शिसे आधीच वाहून जाई. २०१५ च्या फेरीत ७१ नमुने आले. त्यांतले मर्यादेबाहेरचे दोन नमुने निकषांत बसत नाहीत म्हणून वगळण्यात आले. निर्णायक आकडा १८ वरून ११ वर उतरला आणि कागदावर शहर उत्तीर्ण झाले.

८/ वगळलेल्यांपैकी एक नमुना लीॲन वॉल्टर्स या गृहिणीच्या घरचा होता. त्यात शिशाचे प्रमाण १०४ होते आणि नंतरच्या चाचणीत ते ३९७ वर गेले. त्यांच्या पाठपुराव्यामुळे संघीय पर्यावरण संस्थेतील अधिकारी मिगेल डेल टोरल यांनी चौकशी केली. फ्लिंटमध्ये क्षरणरोधक प्रक्रियाच होत नसल्याची लेखी नोंद त्यांनी जून २०१५ मध्ये वरिष्ठांपुढे ठेवली.

९/ ऑगस्टमध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील प्रा. मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने नमुन्यांच्या ३०० पेट्या फ्लिंटला पाठवल्या. प्रत्येक पेटीत तीन बाटल्या होत्या : एक तोटी उघडताच, दुसरी ४५ सेकंदांनी आणि तिसरी दोन मिनिटांनी भरायची. पेट्या वाटण्याचे आणि गोळा करण्याचे काम नागरिकांनीच केले. २७१ घरांचे नमुने परत आले. नव्वदाव्या शततमकाचा आकडा निघाला सुमारे २७.

१०/ पुढचा पुरावा रक्ताचा होता. स्थानिक बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हन्ना-अतिशा यांनी रुग्णालयातील नोंदी तपासल्या. रक्तात शिशाचे प्रमाण जास्त असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचा वाटा २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेला होता. शिसे वाढत्या मेंदूवर आघात करते आणि मुलांसाठी त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. २४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी हे आकडे जाहीर केले. राज्य सरकारने आधी ते फेटाळले, नंतर मान्य केले. १६ ऑक्टोबरला डेट्रॉइटचे पाणी पुन्हा सुरू झाले.

११/ थर पूर्ववत होईल, पण नळ बदलल्याखेरीज धोका संपणार नव्हता. बदलायचे तर ते कोठे आहेत हे माहीत हवे. १९९१ च्या नियमानुसार नमुनेही प्रामुख्याने शिशाची जोडणी असलेल्या घरांतूनच घ्यायचे होते. आपण तसे केले, हे फ्लिंटला सिद्ध करता येईना. नळांच्या नोंदी होत्या हाताने खुणा केलेल्या जुन्या नकाशांवर आणि सुमारे ४५ हजार कार्डांवर. मिशिगन विद्यापीठाच्या फ्लिंट शाखेने त्यांवरून संगणकीय नकाशा तयार केला.

१२/ जुनी नोंद आणि जमिनीखालचे वास्तव जुळेलच याची खात्री नव्हती. निर्णायक उपाय एकच होता, खणून पाहणे. जेकब ॲबरनेथी आणि एरिक श्वार्ट्झ या संशोधकांनी घराचे वय, स्थान, मूल्य आणि खणलेल्या ठिकाणांचे निष्कर्ष एकत्र करून शिशाची शक्यता वर्तवणारे गणिती प्रारूप तयार केले. २०१७ मध्ये खणलेल्या घरांपैकी सुमारे ७० टक्के ठिकाणी बदलण्याजोगे नळ सापडले.

१३/ २०१८ मध्ये हे प्रारूप बाजूला ठेवून सरसकट खणण्यास सुरुवात झाली. दहा हजारांहून अधिक ठिकाणी खणले, पण शिसे निघाले जेमतेम १५ टक्के ठिकाणी. ‘माझे घर का वगळले?’ या नागरिकांच्या प्रश्नाला संभाव्यतेचे उत्तर देणे राजकीयदृष्ट्या अवघड होते. एकदा फसवले गेलेले लोक अंदाजावर विश्वास कसा ठेवणार? २०१९ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर प्रारूप पुन्हा वापरात आले.

१४/ न्यायालयाच्या देखरेखीखालील हे काम २०२५ च्या उन्हाळ्यात पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सुमारे ११ हजार शिशाचे नळ बदलले गेले. दरम्यान अमेरिकेतील प्रत्येक जलपुरवठा यंत्रणेने आपल्या जोडण्यांची यादी ऑक्टोबर २०२४ पर्यंत तयार करावी, असा नियम लागू झाला.

१५/ फ्लिंटची कथा सहसा विषारी पाण्याची म्हणून सांगितली जाते. ती दप्तराचीही कथा आहे. १८९७ चा नियम लिहिणाऱ्यांना शिसे कोठे जाणार हे ठाऊक होते. नंतरच्या पिढ्यांनी ती माहिती जपली नाही, आणि तिची किंमत ज्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता अशा मुलांनी मोजली.