पिलेगाचा खुरीस

बांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून हिंडताना थोड्या थोड्या अंतरावर दगडी खुरीस, म्हणजे क्रूस, लागतात. कुठे एखाद्या घराच्या कुंपणात, तर कुठे ऐन रस्त्यात, जिथे रिक्षावाले त्याला वळसा घालून पुढे जातात. माझगावच्या म्हातारपाखाडीत आणि गिरगावच्या खोताच्या वाडीतही ते आहेत. चौथऱ्यावरचं साल वाचलं तर बरेचदा १८९६ नंतरच्या दहा-बारा वर्षांतलं निघतं. आमच्याकडे या सगळ्यांना सरसकट 'पिलेगाचा खुरीस' म्हणतात. त्यातले काही प्लेगच्या साथीच्या कितीतरी आधीचे आहेत, हे जुन्या माणसांना सांगून उपयोग नसतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी तापाने फणफणलेल्या रोग्यांच्या गाठी तपासून निदान केलं की हा प्लेग आहे. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. लहानपणी ट्राममधून जाताना तो दिसला की माझी आजी बोट दाखवून 'आपला डॉक्टर' म्हणायची. तिने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

पण आजीच्या गोष्टींत रोगाची भीती दुसऱ्या नंबरावर असायची. पहिल्या नंबरावर तपासणीवाले. ते यायचे, बायकापुरुषांच्या काखा-जांघा चाचपायचे, घरावरची कौलं उतरवून आत ऊन सोडायचे, भिंतींना चुना फासायचे, सामानावर कार्बोलिकचं पाणी मारायचे. ज्या घरात माणूस दगावलं त्याच्या भिंतीवर वर्तुळ काढायचे. चाळीच्या एकेका दाराशेजारी अशी वर्तुळं ओळीने वाढत गेलेली होती. ताप आलेल्याला उचलून रुग्णालयात नेलं की तो परत येत नाही, तिथे माणसं मुद्दाम मारतात, अशी अफवा होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला तो याच धास्तीपोटी. माणसं घरदार सोडून गावाकडे पळाली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईत सव्वाआठ लाखांच्या आसपास माणसं होती, १९०१ मध्ये पावणेआठ लाख भरली. वाढत्या शहराचा आकडा मागे गेला.

बांद्रा तेव्हा मुंबईत नव्हतं. ठाणे जिल्ह्यात होतं, नगरपालिका वेगळी होती. मुंबईतून पळालेले काही लोक खाडी ओलांडून इकडे आले आणि त्यांच्यामागून पिलेगही आला. आधी उंदीर पडायचे. घरात उंदीर पडला की चूल विझवायची, बोचकं बांधायचं आणि शेतात झावळ्यांची झोपडी घालायची, एवढं शहाणपण लोकांना आपोआप आलं होतं. पणजी तेव्हा परकऱ्या वयाची. तिच्या थोरल्या भावाला ताप भरला तेव्हा त्याला माळ्यावर भाताच्या कणगीमागे लपवलं होतं. तपासणीवाले खाली असताना तो खोकला नाही, आणि हाच आमच्या घराण्यातला पहिला चमत्कार, असं आजी सांगायची. मला त्यात चमत्कारापेक्षा त्या पोराने तोंडात कोंबलेलं फडकं जास्त दिसतं.

आमचा खुरीस उभा राहिला तो त्यानंतर. गावठाणातल्या घरांनी वर्गणी काढली, पाथरवटाकडून काळा दगड घडवून घेतला. तो अजून जवळून पाहण्यासारखा आहे. उभ्या खांबावर शिडी कोरली आहे, हातोडा, पक्कड, तीन खिळे, वर एक कोंबडा. येशूच्या यातनांच्या गोष्टीतली ही सगळी अवजारं, आणि पेत्राने तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटल्यावर आरवला तो हा कोंबडा. पायथ्याशी कवटी आणि दोन आडवी हाडं. लहानपणी ती कवटी पाहून मी मागे सरायचो. ती आदामाची, आजी समजावायची. ज्या टेकडीवर येशूला क्रुसावर चढवलं तिच्याखालीच पहिल्या माणसाला पुरलं होतं म्हणे. पिलेगाच्या दिवसांत मात्र ती कवटी बघणाऱ्यांना आदाम आठवत असेल, असं मला वाटत नाही. घराघरात ज्याचं नाव घ्यायला माणसं कचरत होती ते त्यांनी दगडात कोरून चव्हाट्यावर ठेवलं आणि त्याच्यासमोर गुडघे टेकले. मला यात मोठी हिंमत दिसते.

मे महिन्यात खुरसापुढे लदीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, व्हायची, आताही होते. झेंडूचे हार, मेणबत्त्या आणि शेवटी उकडलेल्या चण्यांचा द्रोण. चणे खाता खाता आजी आणि तिची धाकटी बहीण यांचं भांडण ठरलेलं. आजी म्हणायची, खुरीस उभा राहिला आणि पिलेग त्याच्या अलीकडे आलाच नाही. धाकटी आजी चण्याचं साल काढत म्हणायची, "आला. आपल्याच घरची दोन माणसं त्यानंतर गेली. तू सोयीस्कर विसरतेस." आजी मग तिच्याशी दोन दिवस बोलायची नाही.

मला धाकटी आजी खरी वाटते. आजार दगडाला भीत नाही. शिवाय त्याच गावठाणातली माणसं खुरसापुढे गुडघे टेकून दुसऱ्या दिवशी लस टोचून घ्यायलाही रांगेत उभी राहिली. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ही लस मुंबईतच तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. टोचून घेतलं की माणूस मरतो, अशी तेव्हा बोलवा होती. पणजीच्या बापाने दंड पुढे करण्याआधी क्रुसाची खूण केली, त्यावर टोचणाराही हसला, असं सांगतात. श्रद्धा असली तर औषध कशाला, हा प्रश्न त्या माणसांना पडलाच नव्हता. तो नंतरच्या, पोटभर जेवलेल्या लोकांना पडतो.

भीती ओलांडायला ख्रिस्तीच असावं लागतं, असंही नाही. त्याच साथीत पुण्याला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आमच्या गावठाणातल्या माणसांकडे जे होतं ते त्यांनी वापरलं, इतकंच.

आणि ते नेमकं कसं वापरलं हे धाकट्या आजीने सांगितलं, आजीने नाही. रोज संध्याकाळी खुरसापुढे जमायचं ते प्रार्थनेसाठी आणि हजेरीसाठीही. कुठल्या घरचं कोणी आलं नाही हे वडीलधारे गुपचूप पाहून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात पेजेचं भांडं पोचायला हवं. ते कोणी न्यायचं यावरून वाद व्हायचे, पोरंबाळं असलेले मागे सरायचे, म्हणून शेवटी घरांची पाळी लावली. पणजीच्या बापाची पाळी आली तेव्हा तो भांडं घेऊन निघाला आणि आपल्या दारापासून त्या दारापर्यंत खड्या आवाजात जपमाळ म्हणत गेला. पेज उंबऱ्यावर ठेवली, आतून कण्हल्याचा आवाज आला तसा दार ढकलून आत शिरला आणि रोग्याला स्वतःच्या हाताने पाजून आला.

"म्हणजे त्याची भीती गेली होती?" मी विचारलं.

"गेली असती तर एवढ्या मोठ्याने कशाला म्हटली असती?" धाकटी आजी म्हणाली, आणि माझ्या द्रोणातले उरलेले चणे तिने आपल्या द्रोणात ओतून घेतले.