गंज, पात्र, काठ, मन

१४. गंज : 'गंजात नदीचं पाणी भरून ठेवलं' या मजकुरातील वाक्याशी बाहेरचा वाचक अडखळेल. लोखंडावर चढतो तो गंज इथे अभिप्रेत नाही. वऱ्हाडात पातेल्यासारख्या धातूच्या भांड्याला गंज म्हणतात. त्याच बोलीत 'गंज दिवसांनी आला' म्हणजे पुष्कळ दिवसांनी आला. फारसीतला गंज म्हणजे खजिना. त्यावरून पुढे धान्याच्या पेठेलाही ते नाव पडले. शेतात रचलेल्या कडब्याची मात्र गंजी.

पुढच्याच ओळीतले 'पात्र' आणि 'काठ' हे शब्दही स्वयंपाकघर आणि नदी यांच्यात वाटलेले आहेत. पात्र म्हणजे भांडे, तसेच दोन तीरांमधली नदीची जागा. दोन्हींचे काम पाणी धरून ठेवण्याचे. काठ भांड्याला असतो, नदीला असतो आणि लुगड्यालाही.

बाळापुरात हा गुंता आणखी सुंदर होतो. १७५७मध्ये पूर्ण झालेला तिथला किल्ला ज्या दोन नद्यांच्या संगमाजवळ उभा आहे, त्यांची नावेच मन आणि म्हैस. अशा वेळी व्याकरण मदतीला येते : 'मन भरून आलं' हे माणसाचे, 'मन भरून आली' ही नदी. म्हणून या प्रकरणात प्रत्येक 'मन'पुढचे क्रियापद नीट पाहावे. बोलीतले हे शब्द आम्ही बदललेले नाहीत. प्रमाण शब्द घातले असते, तर पाणी उरले असते, पण गाव हरवले असते.