मध्यरात्री नागपुरात भेटणारी विमानं

1949 साली नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भन्नाट प्रकार सुरू झाला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री विमानं यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. मुंबईचं पत्र सकाळी दिल्लीत! कारण एकच, नागपूर देशाच्या मधोमध.

आता आपल्याकडे बघा. नागपूर-मुंबई हवाई अंतर साधारण 700 किलोमीटर, आज दीड तास. भामरागड रस्त्याने त्याच्या निम्मं, पण दिवस जातो. तोही उन्हाळ्यात. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी जुन्या ठेंगण्या पुलावरून गेलं, की संपलंच. हेमलकशात 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प आला; दवाखाना भामरागडपासून जेमतेम तीन-चार किलोमीटर, पण नदीच्या पलीकडे.