प्रकाशाचे अपस्करण व विकिरण : शालेय पदार्थविज्ञानातील दोन संकल्पनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

माध्यमिक शाळेच्या पदार्थविज्ञानात अपस्करण आणि विकिरण या संकल्पना बहुधा एकापाठोपाठ शिकविल्या जातात. इंद्रधनुष्य हे पहिलीचे, तर आकाशाची निळाई हे दुसरीचे नेहमीचे उदाहरण होय. दोन्हीकडे रंग दिसत असल्याने दोन्हींचे कारणही एकच असावे, असा समज सहज होऊ शकतो. वस्तुतः या दोन संकल्पनांच्या सिद्धीत सुमारे दोनशे वर्षांचे अंतर आहे. हे अंतर का पडले आणि अध्यापनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

न्यूटन व अपस्करण :

शुभ्र प्रकाश मुळात शुद्ध असून अंधाराशी किंवा माध्यमाशी संयोग झाल्याने त्यात रंग उत्पन्न होतात, ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली धारणा सतराव्या शतकातही प्रचलित होती. आयझॅक न्यूटनने तिला प्रयोगाने आव्हान दिले. खिडकीच्या झडपेतील भोक गोल असूनही लोलकातून भिंतीवर पडलेला वर्णपट गोल नव्हता. त्याची लांबी रुंदीच्या सुमारे पाचपट होती. पुढे त्याने एकच रंग वेगळा काढून दुसऱ्या लोलकातून नेला, तेव्हा त्याचे अपवर्तन झाले, पण नवा रंग निर्माण झाला नाही. यावरून लोलक रंग निर्माण करीत नाही, केवळ वेगळे करतो, हे स्पष्ट झाले. हे निष्कर्ष 1672 साली प्रसिद्ध झाले. रॉबर्ट हूकने त्यांवर आक्षेप घेतले. 'ऑप्टिक्स' हा ग्रंथ 1704 मध्ये प्रकाशित झाला.

तथापि न्यूटनचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. भिंगामुळे प्रतिमेभोवती येणारी रंगीत कडा टाळता येणार नाही, असे त्याचे मत बनले व त्याने परावर्ती दुर्बिणीचा मार्ग धरला. 1758 मध्ये जॉन डोलंडने दोन प्रकारच्या काचा जोडून हा दोष बराच कमी करता येतो, हे दाखवून दिले. आकाशाच्या निळाईचे कारणही न्यूटनने हवेतील पाण्याच्या सूक्ष्म कणांच्या संदर्भात, पातळ पापुद्र्यांवर दिसणाऱ्या रंगांच्या आधारे मांडले होते. तेही पुढे मागे पडले.

टिंडाल, रॅले व विकिरण :

1869 च्या सुमारास जॉन टिंडालने काचेच्या नळीतील विशिष्ट वाफांमधून प्रखर प्रकाशझोत सोडला. आरंभी तयार झालेला अतिसूक्ष्म मेघ निळा दिसला. कण मोठे होत गेले तसा तो पांढुरका झाला. येथे लोलक नव्हता आणि वर्णपटही नव्हता. प्रकाश कणांवर आदळून सर्व दिशांना फेकला जात होता.

लॉर्ड रॅलेने 1871 मध्ये याला गणिती रूप दिले. तरंगलांबीच्या तुलनेत कण फार लहान असतील, तर विकिरणाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणूनच 400 नॅनोमीटरच्या प्रकाशाचे विकिरण 700 नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा नऊपटींहून अधिक होते. यासाठी धूळ आवश्यक नसून हवेचे रेणूच पुरेसे आहेत, हे त्याने 1899 मध्ये प्रतिपादन केले.

रामन व समुद्राचा रंग :

खोल समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब होय, असे रॅलेचे मत होते. 1921 मध्ये इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या मताची जहाजावरच परीक्षा केली. त्यांनी योग्य कोनातून निकोल लोलकाने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडविला. तरीही समुद्र निळाच दिसला. म्हणजे रंग पाण्यातूनच येत होता. या विषयावरील 'नेचर'ला लिहिलेल्या पत्रावर 'नारकुंडा' जहाज, मुंबई बंदर आणि 26 सप्टेंबर 1921 अशी नोंद आहे. त्यानंतर कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत झालेल्या संशोधनातून 28 फेब्रुवारी 1928 रोजी रामन परिणामाचा शोध लागला. रॅले विकिरणात तरंगलांबी बदलत नाही. रामन विकिरणात प्रकाशाच्या अल्पशा अंशाची बदलते. या कार्यासाठी रामन यांना 1930 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रामन यांनी समुद्राच्या रंगाचे श्रेय मुख्यतः रेणूंकडून होणाऱ्या विकिरणास दिले. पाणी तांबडा प्रकाश अधिक शोषून घेते, हे त्या रंगाचे प्रमुख कारण आज मानले जाते. विकिरणाचा वाटा त्यास पूरक आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. अपस्करणात माध्यमाचा अपवर्तनांक प्रत्येक रंगासाठी निराळा असतो. विकिरणात कणाचा आकार आणि तरंगलांबी यांचे गुणोत्तर निर्णायक ठरते. दुसरे म्हणजे, न्यूटन, रॅले व रामन या तिघांच्याही मतांत पुढे दुरुस्ती झाली आणि ती प्रयोगाच्या बळावर झाली. पेलाभर पाण्यात दुधाचे थोडे थेंब टाकून विजेरीचा झोत सोडला, तर बाजूने निळसर आणि समोरून पिवळसर छटा पाहता येते. हा प्रयोग साध्यातल्या साध्या शाळेतही शक्य आहे. तो लोलकाच्या प्रयोगाशेजारी ठेवून दोन्हींतील फरक विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतला, तर व्याख्या पाठ करण्याऐवजी तिच्यामागील प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचेल. विज्ञानाच्या इतिहासाचे शालेय अध्यापनातील प्रयोजन हेच होय.