हिरण्यकेशीच्या उगमावरची आंबोली

सावंतवाडीहून घाट चढून माथ्यावर आले की धुक्यात दडलेली आंबोली लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंची आणि वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस! अशा जागी वस्ती टिकवावी आणि भोवतीचे रानही राखावे, ही सोपी गोष्ट नव्हे.

येथील पावन स्थान रानातच आहे. गुहेतून पाण्याचा झरा बाहेर पडतो, तोच हिरण्यकेशी नदीचा उगम. शेजारी महादेवाचे मंदिर असून हिरण्यकेशी हे पार्वतीचेच नाव मानले जाते. समुद्र इतका जवळ, तरी ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या भागांतून वाहत ती घटप्रभेला मिळते व पुढे कृष्णामाईत विलीन होते. आंबोलीच्या रानावर घाटमाथ्यापलीकडची किती शिवारे अवलंबून आहेत, हे यावरून ध्यानी यावे.

वेंगुर्ले बंदर १८१२ साली इंग्रजांकडे गेले. पुढे बंदरातून बेळगावकडे जाणारा गाडीरस्ता या बाजूने झाला. जुन्या कागदांत याला पारपोलीचा घाट म्हटले आहे.

गावाच्या इतिहासात खरा गुंता आहे तो जमिनीचा. सावंतवाडी संस्थानच्या अमदानीपासून आंबोली, गेळे व चौकुळ या तिन्ही गावांत जमीन 'कबुलायतदार गावकर' या नावाने सामाईक होती. साऱ्याची कबुलायत गावकरांनी मिळून दिलेली. एकट्यादुकट्याच्या नावावर स्वतंत्र उतारा नाही. या सामाईकपणाने गाव एकत्र बांधले गेले, हे खरे. परंतु १९४८ साली संस्थान विलीन झाले, काळ बदलला, आणि १९९९ साली सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासनाचे नाव लागले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर आपले नाव लागावे, यासाठी तिन्ही गावांना दीर्घकाळ झगडावे लागले. घर बांधायचे तर उतारा नाही, कर्ज काढायचे तर तारण नाही. ही अडचण ज्याने सोसली त्यालाच कळते.

रानाचे मोल मात्र बाहेरच्या जगाला उशिरा कळले. २०२० साली तेजस ठाकरे, जे. प्रवीणराज आदी अभ्यासकांनी उगमाच्या पाण्यातील सोनेरी झाक असलेल्या छोट्या माशाची नवी जात म्हणून नोंद केली आणि त्याला नदीचेच नाव दिले. 'हिरण्य' म्हणजे सोने. योग मोठा सुंदर जुळला. लगेच २०२१ साली मंदिर परिसरातील २.११ हेक्टर क्षेत्र शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. तेव्हा दर्शनाला येणाऱ्याने कुंडात साबण, तेल वा निर्माल्य सोडू नये, एवढे पथ्य आता आलेच.