शेवटच्या पेपरानंतर

१ जून २०२१ रोजी संध्याकाळी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची बारावीची परीक्षा रद्द झाल्याची घोषणा झाली. ४ मे पासून सुरू व्हायची ती परीक्षा १४ एप्रिललाच पुढे ढकलली गेली होती. मधले सात आठवडे दिल्लीकरांनी कसे काढले, ते इथल्या कोणत्याही कुटुंबाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. घोषणा झाली तेव्हा घरोघरी मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला, असे वरवर पाहता म्हणता येईल. परंतु दोन-चार दिवसांतच पुष्कळ पालकांच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट आली. मुले आनंदात नव्हती. पुस्तके टेबलावर तशीच उघडी होती, मुले उशिरापर्यंत झोपत होती, विचारले तर "काही नाही" म्हणत होती. ३० जुलैला निकाल लागला. दहावी, अकरावी आणि बारावी या तीन वर्षांचे गुण ३०, ३० आणि ४० या प्रमाणात जुळवून तो तयार केला होता आणि ९९.३७ टक्के मुले उत्तीर्ण ठरली होती. तरीही पेढे वाटताना अनेक घरांत हात आखडला. ज्या लढाईची दोन वर्षे तयारी केली ती झालीच नव्हती.

त्या तुकडीला शेवटचा पेपर मिळाला नाही, म्हणून तिची उदासी उठून दिसली. एरवी दरवर्षी ती येते आणि घाईगर्दीत लपून जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर काटेसावर फुलते तेव्हा परीक्षा सुरू होते, आणि बहावा पिवळा व्हायच्या सुमारास ती संपते. शेवटच्या पेपराची घंटा झाल्यावर मुले आरडाओरडा करीत फाटकाबाहेर पडतात. आठवड्याने त्यांतलेच एखादे खिडकीशी नुसते बसून असते. आई म्हणते, "आता तर मोकळा झालास, मग तोंड का असे?" या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाजवळ नसते. ते शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी संपणारी परीक्षा ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. पंतोजींच्या शाळेत किंवा वेदपाठशाळेत शिक्षण संपत असे ते हळूहळू. अमुक तारखेला अमुक वाजता विद्या पुरी झाली, असा क्षण तिथे नव्हता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. त्या परीक्षेला बसून उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली हे दोघे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले. त्या पिढीपुढे पदवीनंतरचा रस्ता आखलेला होता. सरकारला शिकलेली माणसे हवी होती, आणि पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. "पुढे काय?" हा प्रश्न विचारायला त्यांना सवडच मिळाली नसावी.

वीस वर्षांनी तो प्रश्न विचारला गेला, आणि तोही पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक, दोघेही १८५६ मध्ये जन्मलेले, १८७९ च्या सुमारास तिथे एकत्र होते. टिळक बी.ए. होऊन कायद्याचा अभ्यास करीत होते, आणि १८७९ मध्येच ते एल्‌एल.बी. झाले. आगरकर एम.ए.च्या तयारीत होते. परीक्षा उरकल्या की नोकरी, अथवा वकिली, हा सरळ मार्ग दोघांसमोर होता, आणि तो दोघांनाही नकोसा वाटत होता. का नकोसा, हे ठरवायला त्यांनी कितीतरी रात्री जागविल्या. आगरकर टेंभूच्या अत्यंत गरीब घरातून आले होते. शिक्षणासाठी त्यांनी सोसलेले हाल मराठी वाचकाला ठाऊक आहेत. अशा घरातल्या आईने मुलाच्या परीक्षेवर काय काय आशा बांधल्या असतील? आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले की, मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि पांग फिटतील, असे मनोरथ तिने करू नयेत. पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ परहितासाठी घालवायचा, असे त्यांनी ठरविले आहे. हे पत्र पुढे शाळांच्या भाषणांतून इतके वापरले गेले की, ते लिहिणारा तरुण होता आणि वाचणारी एक थकलेली बाई होती, हेच आपण विसरून गेलो. पत्र पोचल्यावर टेंभूच्या त्या घरात काय झाले असेल, याचा विचार क्वचितच कोणी करतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ मध्ये सरकारी नोकरी सोडली, आणि २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. टिळक आरंभापासून त्यात होते. आगरकर मात्र एम.ए.च्या परीक्षेमुळे मागे राहिले आणि ती पदरात पडल्यावर शाळेत दाखल झाले. सर्व मित्र कामाला लागलेले, आणि आपण अजून परीक्षेशी झगडत आहोत, ही आगरकरांची स्थिती आज दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या कोणत्याही मुलाला समजेल. पुढे या दोन मित्रांचे बिनसले, १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, तो इतिहास इथला नाही. परंतु डेक्कन कॉलेजातल्या त्या दिवसांना कोणी "वेळ वाया घालविणे" म्हटले असते, तर त्याला उत्तर देणे त्या दोघांना तेव्हा कठीणच गेले असते.

आगरकरांच्या वाचनात जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज विचारवंत होता. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात या विषयाशी अगदी जवळची एक हकीकत आहे. मिलला वडिलांनी लहानपणापासून घरीच शिकविले. वयाच्या तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. १८२६ च्या शरद ऋतूत, विशीत, त्याने स्वतःला विचारले: ज्या सुधारणांसाठी आपण झटतो आहोत त्या सर्व या क्षणी घडून आल्या, तर आपल्याला आनंद होईल काय? मनाने स्वच्छ "नाही" म्हटले, आणि त्याच्या पायांखालचा आधारच गेला. अनेक महिने तो रोजचे काम यंत्रासारखे करीत राहिला. त्यातून तो सावरला तो कोणाच्या उपदेशाने नव्हे. मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, वडिलांच्या मृत्यूनंतर घराची जबाबदारी उचलणाऱ्या मुलाच्या प्रसंगापाशी त्याला रडू आले, आणि आपण अगदीच दगड झालेलो नाही हे त्याला कळले. नंतर वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनी त्याला हात दिला. ध्येय गाठणे आणि जगण्यात गोडी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला फार महाग पडून समजले.

मुलींच्या वाट्याला आलेले रितेपण मात्र नुसते मनातले नव्हते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी याच डेक्कन कॉलेजातून १८८० च्या दशकाच्या अखेरीस पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. अशा विद्यार्थ्याला इंग्लंडात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती त्यांना नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकविले. मग इंग्लंडातील हितचिंतकांनी पैसा उभा केला आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये त्या तेथील कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी हाती पडली १९२२ साली! परीक्षा देऊन तीस वर्षे थांबलेल्या बाईपुढे निकालाची तीस दिवस वाट पाहणे काहीच नाही, असे मात्र कोणी मुलांना सुनावू नये. दुसऱ्याचे दुःख मोठे असले म्हणून आपले लहान होत नाही. त्यांची हकीकत सांगायची ती एवढ्यासाठी की, परीक्षेनंतरची पोकळी ही पुष्कळदा मुलाच्या मनाची दुबळीक नसते. पुढचा रस्ताच कोणीतरी बांधायचा राहिलेला असतो. आपल्या आज्यांच्या पिढीत मॅट्रिकचा शेवटचा पेपर आणि लग्नाची बोलणी यांत किती दिवसांचे अंतर असे, हे घरोघरी विचारून पाहावे.

दिल्लीच्या मराठी मंडळींना सर्वांत जवळचे उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे. रायगड जिल्ह्यातील नाते या गावी १८९६ साली जन्म, १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले, आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, नंतर केंब्रिज, १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेतही पहिले. त्या काळी ही परीक्षा लंडनलाच होत असे. वयाच्या बाविसाव्या वर्षी देण्यासारखी एकही परीक्षा शिल्लक उरलेली नव्हती. आणि नेमक्या याच वेळी त्यांच्या मनाने माघार घेतली. चिरोल खटल्यासाठी टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. देशमुख त्यांना भेटले आणि ही नोकरी सोडून देशकार्यात यावे असे वाटते, हे त्यांनी बोलून दाखविले. स्वतः पदवीनंतर सरकारी नोकरीकडे पाठ फिरविलेल्या टिळकांकडून होकाराचीच अपेक्षा कोणीही केली असती. त्यांनी सांगितले ते उलटे: नोकरीत राहा, तिथला अनुभव देश स्वतंत्र होईल तेव्हा उपयोगी पडेल.

या भेटीचा उल्लेख सहसा टिळकांच्या दूरदृष्टीसाठी केला जातो, आणि तो योग्यच आहे. पण तिच्यात दुसरेही काही आहे. पहिल्या आलेल्या मुलाला आपल्या यशाविषयी शंका आली, ती त्याने दडवून ठेवली नाही, आणि वडीलधाऱ्या माणसाने ती ऐकून घेतली. "एवढा पहिला आलास, आता रडतोस कशाला?" असे टिळक म्हणाले नाहीत. देशमुख पुढे १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री झाले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी ते पद सोडले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग, १९६२ पासून दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद. दिल्लीतील किती मुलांच्या पदव्यांवर या एकेकाळच्या परीक्षार्थीची सही असेल!

त्याच १९६२ साली दिल्लीचे माध्यमिक मंडळ केंद्रीय मंडळात विलीन झाले. त्या काळी इथे अकरा वर्षांची हायर सेकंडरी होती. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी तिची जागा दहावी-बारावीच्या आकृतिबंधाने घेतली. त्या पहिल्या तुकड्यांतील माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल की, पेपर संपले की ट्रंका निघत. पंजाब मेल किंवा झेलम पकडून मराठी कुटुंबे गावाकडे जात. मामाच्या घरी कोणी टक्केवारी विचारत नसे; फणस फोडणे, पापड वाळत घालणे, विहिरीवर पोहणे यांत दीड महिना जाई. कुणी मुद्दाम योजलेला तो उपाय नव्हता, पण उपाय होता. शरीराला काम, जवळ माणसे, आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत याची जाणीव.

तो मोकळा काळच आता उरलेला नाही. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचा प्रवेश बारावीच्या गुणांऐवजी सामायिक प्रवेश परीक्षेवर होऊ लागला. बोर्डाचा शेवटचा पेपर हा त्यामुळे शेवटचा राहिला नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, सामायिक अशी रांग लागते. रांग संपते तेव्हा मूल थकलेले असते आणि हाताशी मोबाइलखेरीज काही नसते. करोलबाग, जुने राजेंद्रनगर, मुखर्जीनगर इथल्या खोल्यांत राहून लोकसेवा आयोगाची तयारी करणारे महाराष्ट्रातील तरुण हाच अनुभव वर्षानुवर्षे घेतात: मुख्य परीक्षा संपते, निकालाला अवकाश असतो, आणि घरी जावे तर लोक विचारतात.

सरकारी पातळीवर ही गोष्ट ओळखली गेली ती १९९८ मध्ये, केंद्रीय मंडळाने विद्यार्थ्यांसाठी दूरध्वनीवरून समुपदेशन सुरू केले तेव्हा. ते वर्षातून दोनदा चालते, परीक्षेच्या आधी आणि निकालानंतर. यांच्या मधल्या आठवड्यांची जबाबदारी घरावरच येते. तिथे फार काही करावे लागते असे नाही. आठवडाभर झोपू द्यावे. नंतर उठण्याची वेळ ठरलेली असावी. "पुढे काय?" हा प्रश्न निदान जेवताना विचारू नये. भाजी आणणे, आजीला दवाखान्यात नेणे, धाकट्या भावंडाचे गणित घेणे असे एखादे खरे काम सोपवावे, कामाचे नाटक नव्हे. मात्र दोन आठवडे उलटूनही मूल खात नसेल, झोपत नसेल, मित्रांना टाळत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर तो आळस समजू नये आणि डॉक्टरांकडे जायला लाजू नये. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य चालू आहे.

२०२१ ची ती तुकडी दिल्ली विद्यापीठात दाखल झाली ती नोव्हेंबरमध्ये. तिच्यातली तीन वर्षांत पदवी पुरी करणारी मुले २०२४ च्या उन्हाळ्यात शेवटच्या पेपराला बसली. या वेळी घंटा झाली, उत्तरपत्रिका गोळा झाल्या, आणि मुले दारातून बाहेर आली. कॉलेजच्या रस्त्यावर बहावा फुललेला होता, ऊन भयंकर होते, आणि बराच वेळ कोणी घरी जायला निघाले नाही.