चुकीच्या महिन्यातलं गलबत

८ जुलै १४९७. लिस्बनबाहेर तेजु नदीच्या काठावर गर्दी लोटली आहे. बायका रडताहेत, पाद्री हातात मेणबत्त्या घेऊन प्रार्थना म्हणताहेत आणि तुम्ही ‘साँव गाब्रिएल’च्या फळीवरून आत चढता आहात. अंगात खलाशाचा सदरा आहे, पोर्तुगीज तुम्हाला आपोआप कळते आहे आणि खिशात मोबाइल आहे. नेटवर्क अर्थातच नाही, पण मोबाइलच्या पोटातल्या दाबमापकाला नेटवर्क लागत नाही. बॅटरी दीड वर्ष कशी पुरणार हे विचारू नका. कालप्रवाशाला एवढी सवलत द्यायलाच हवी.

पडद्यावर आकडा दिसतो, १०२२ हेक्टोपास्कल. टॉरिचेलीची पाऱ्याची नळी यायला अजून जवळपास दीडशे वर्षं आहेत. हवेचा दाब मोजता येतो, हे या चार जहाजांवर फक्त तुम्हालाच माहीत आहे.

वारा पाठीवर घेऊन दक्षिणेला चला. कॅनरी बेटं मागे पडतात, केप व्हर्दे मागे पडतं आणि आकडा सावकाश उतरत जातो. १०१८. १०१५. विषुववृत्ताच्या अलीकडे शिडं लोंबायला लागतात तेव्हा तो १०१२ वर आलेला असतो. तीन हजार किलोमीटरांत अवघा दहाचा उतार, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही, आणि एवढ्याशा उतारावर तुमचा अख्खा ताफा इथवर आला आहे.

हा उतार कोण तयार करतं, ते इथेच मान वर करून बघा. सूर्य डोक्यावर आहे. समुद्र तापतो, त्याच्यावरची हवा तापते, वाफेने भरते, हलकी होते आणि वर चढते. वर तिचे ढग होतात, तेव्हा वाफ होताना पाण्याने घेतलेली उष्णता परत हवेला मिळते आणि चढाईला आणखी जोर येतो. चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर गेल्यावर तिला वर वाट उरत नाही, म्हणून ती उत्तर-दक्षिण पसरते, गार होते आणि तिसाव्या अक्षांशाच्या आसपास खाली बसते. निघताना दिसलेला १०२२ हा आकडा म्हणजे अझोर्स बेटांच्या बाजूला खाली बसणाऱ्या याच हवेचा भार. ती खाली येताना कोरडी आणि उबदार होते, म्हणून त्याच अक्षांशांवर पूर्वेला सहारा पसरलेला आहे.

मग ही हवा विषुववृत्ताकडे परतताना सरळ दक्षिणेला का जात नाही? पृथ्वीचा पृष्ठभाग विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेला धावतो, तिसाव्या अक्षांशावर १,४५० च्या आतच. हळू पट्ट्यातून वेगवान पट्ट्यात आलेली हवा मागे पडते आणि जहाजावरच्या माणसाला ती ईशान्येकडून आल्यासारखी वाटते. हेच व्यापारी वारे. उष्णतेचा भाग १६८६ मध्ये एडमंड हॅलीने ओळखला, पण हवा पश्चिमेला का कलते ते सांगताना तो सूर्याच्या रोजच्या प्रवासाच्या मागे लागला आणि चुकला. पृथ्वीचं फिरणं हिशेबात धरलं ते १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली नावाच्या लंडनच्या वकिलाने. खगोलशास्त्रज्ञाची चूक वकिलाने दुरुस्त करावी, हे मला फार आवडतं. हॅडलीचं गणितही पुढे सुधारावं लागलं, पण दिशा त्याने बरोबर पकडली होती.

दर्यावर्दी अर्थात कारण कळायची वाट बघत बसलेले नाहीत. आफ्रिकेचा किनारा धरून गेलं तर आग्नेयेचा वारा तोंडावर येतो, एवढं त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून आपल्या कप्तानाचा, वास्को द गामाचा, ताफा किनाऱ्याकडे पाठ फिरवून भर अटलांटिकमध्ये शिरतो, तो आग्नेयेचा वारा बाजूने घेत तिसाव्या दक्षिण अक्षांशापर्यंत उतरतो, आणि तिथे पश्चिमेकडून वाहणारे वारे त्याला आफ्रिकेकडे ढकलतात. केप व्हर्दे सोडल्यापासून तीन महिने जमीन दिसत नाही. ४ नोव्हेंबरला ती दिसते. अटलांटिकच्या वाऱ्यांची अशी जाण त्या काळात फार थोड्यांकडे होती. पुढचा घोळ याच आत्मविश्वासातून झाला असावा, असा माझा संशय आहे.

मालिंदीला या. २४ एप्रिल १४९८. इथल्या सुलतानाने दिलेला वाटाड्या घेऊन ताफा निघतो. तो गुजराती होता असं पोर्तुगीज इतिहासकार लिहितात. तो प्रसिद्ध अरब नावाडी इब्न माजिद होता ही कथा अजून सांगितली जाते, पण इतिहासकार ती मानत नाहीत. नैऋत्येचा वारा नुकताच जागा होतो आहे. तेवीस-चोवीस दिवसांत अरबी समुद्र पार. मलबारच्या किनाऱ्याशी ढग गडगडतात, सरींवर सरी येतात आणि २० मेला कालिकतजवळ नांगर पडतो.

अटलांटिकला उत्तरेला मोकळं पाणी आहे. अरबी समुद्राच्या डोक्यावर मात्र आशिया बसला आहे. मेच्या दुपारी कोकणातल्या पुळणीवर अनवाणी चाललात तर तळवे भाजतात आणि चार पावलांवरचं पाणी थंड लागतं. तोच प्रकार खंडाच्या मापाने. तेवढंच तापायला किलोभर कोरड्या मातीपेक्षा किलोभर पाण्याला चार-पाच पट उष्णता लागते, शिवाय लाटा ती उष्णता खोलवर ढवळून नेतात. माती वरच्यावरच तापते. सिंध-राजस्थानवरचा दाब भर उन्हाळ्यात ९९५ च्या आसपास घसरतो, तर दक्षिण गोलार्धात मादागास्करच्या पलीकडे तो १०२५ च्या घरात असतो. तिथून निघालेला आग्नेय व्यापारी वारा विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि नैऋत्य मोसमी वारा होऊन आपल्या दारात येतो. जून ते ऑगस्ट तो इतका माजलेला असतो की कोकणातली गलबतं पूर्वी किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेशिवाय कोणी होडी लोटत नसे.

कालिकतला गामाचं आणि तिथल्या सामुद्री राजाचं बिनसतं. २९ ऑगस्टला तो निघतो, दुसऱ्याच दिवशी कालिकतपासून जवळच वारा पडतो आणि सत्तरेक होड्या अंगावर चालून येतात. वादळी पाऊस त्याला समुद्रात लोटतो म्हणून तो वाचतो. मग अंजदीव. आजच्या गोव्याच्या दक्षिण टोकाचं, कारवारसमोरचं हे बेट. जहाजांची बुडं खरवडून होतात, दगडी तळ्यातलं गोडं पाणी पिंपांत भरलं जातं. ५ ऑक्टोबरला शिडं उभारतात. इथे तुम्ही कप्तानाची बाही धरून ओढायला हवी. ओढून बघा. तुमचं कोण ऐकतं!

कारण ऑक्टोबरात उतार संपलेला असतो. जमिनीवरचा उन्हाळी खळगा भरून आला आहे आणि उत्तरेचा थंड, जड हवेचा डोंगर अजून रचला गेलेला नाही. नैऋत्येचा वारा मेला आहे, ईशान्येचा जन्मायचा आहे. आपल्या किनाऱ्यावरचा कुठलाही तांडेल हे सांगू शकला असता. गामाला विचारायला सवड नव्हती.

आता जहाजावर बसा. महिना सरतो, दुसरा सरतो. मोबाइलवरचा आकडा सकाळी दहाला चढतो, दुपारी चारला उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. सूर्य वातावरणाचे वरचे थर तापवतो, त्याची ही रोजची भरती-ओहोटी आहे. ती वेळ चुकवत नाही, पण तिच्याने शीड फुगत नाही. आलाच वारा तर समोरून येतो. शेजारी बसलेल्या खलाशाच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या आहेत, त्याला बिस्किट चावता येत नाही. त्याचे पाय फुगलेत. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो. स्कर्व्ही. ‘क’ जीवनसत्त्व हा शब्द कोणाला ठाऊक नाही आणि मलबारची लिंबं कधीच संपली असणार. या एका टप्प्यात तीस जण जातात. प्रत्येक जहाजावर कामाला उभे राहू शकतील असे सात-आठच उरतात. कप्तान एकत्र बसून ठरवतात: परत भारताकडे नेणारा वारा आला तर मुकाट्याने मागे फिरायचं.

डिसेंबरच्या शेवटी ईशान्येचा वारा येतो. तोवर मध्य आशियावर थंड हवेचा भार चढलेला असतो, उतार उलटा होतो, आणि जे तीन महिन्यांत झालं नाही ते सहा दिवसांत होतं. २ जानेवारी १४९९ ला मोगादिशूजवळ किनारा दिसतो, ७ ला मालिंदी. थोड्याच दिवसांत ‘साँव राफाएल’ पेटवून द्यावं लागतं, कारण चारांपैकी राहिलेली तिन्ही जहाजं हाकायला माणसंच उरलेली नाहीत.

पुढच्या ताफ्याचा प्रमुख काब्राल. तो ९ मार्च १५०० ला लिस्बनहून निघाला, अटलांटिकमधला तो वळसा त्याने इतका मोठा घेतला की २२ एप्रिलला त्याला ब्राझील दिसलं, आणि परतीला कोचीहून त्याने शिडं उभारली ती जानेवारी १५०१ मध्ये. पुढे पोर्तुगीजांच्या भारतवारीचं वेळापत्रकच ठरून गेलं: लिस्बन मार्च-एप्रिलमध्ये सोडायचं, गोवा किंवा कोची नव्या वर्षाच्या आगेमागे. ती संधी हुकलेल्या जहाजाला बहुधा पुढच्या वाऱ्यापर्यंत इथेच थांबावं लागे.